गाणं रक्तात असतं का? किम सो-ही यांच्या निमित्ताने

"तुमच्या लोकांच्या रक्तातच गाणं असतं." वस्तीत वाढलेल्या आपल्यापैकी कुणीही हे वाक्य ऐकलं नाही असं होत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, लोककलेच्या कार्यशाळेत, एखाद्या पुरोगामी संपादकाच्या तोंडून, कुठे ना कुठे ते ऐकावं लागतंच. मी एम.ए. करत असताना एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या तयारीत मला थेट लोकगीतांच्या गटात टाकलं गेलं. विचारलं कुणी नाही. खरं तर मला शाळेत राष्ट्रगीताचासुद्धा सूर लागत नसे. माझ्या आजोबांच्या चुलतभावाने जलशात ढोलकी वाजवली होती एवढाच आमचा गाण्याशी संबंध. पण आडनाव बघून त्यांनी माझा गळा ठरवून टाकला.

बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्यालाही कधी कधी वाटतं, आणि गोची तिथेच आहे. रक्तात गाणं असेल तर रक्तात झाडू का नसेल? एक मान्य केलं की दुसरं नाकारायला जागा उरत नाही. जातिव्यवस्थेचा पायाच मुळी 'ज्याचं काम त्याच्या जन्मात आहे' या कल्पनेवर उभा आहे. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये सांगितलं होतं की ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. गाण्यालाही ते लागू पडतं.

हे वाक्य तपासण्यासाठी मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेणार आहे, कोरियातलं. तिथे आपले नातेवाईक नाहीत, आपले पक्ष नाहीत, त्यामुळे डोकं थंड ठेवून विचार करता येतो. आणि कोरिया आता वस्तीला तेवढा लांब राहिलेला नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या मुली कोरियन मालिकांनी वेडावलेल्या आहेत. राजेरजवाड्यांच्या मालिका बघून एकीने मला विचारलं, "ताई, त्यांच्यातपण जात होती का?" त्या प्रश्नामागे जाता जाता मी किम सो-ही या नावापाशी पोहोचले.

किम सो-ही (१९१७–१९९५) या पान्सोरीच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गायिकांपैकी एक. पान्सोरी म्हणजे काय ते आधी थोडक्यात. एक गायक किंवा गायिका, हातात एक पंखा. बाजूला बसलेला एक वादक आणि त्याच्यापुढे दोन तोंडांचं चामड्याचं वाद्य, ज्याला 'बुक' म्हणतात. बाकी काही नाही. गाणारा कधी गातो, कधी साध्या बोलण्यात कथा पुढे नेतो, नायिका तोच, खलनायक तोच, गर्दीही तोच. एक कथा पूर्ण गायची तर आठ तासही लागू शकतात. आणि श्रोत्यांनी गप्प बसायचं नसतं. योग्य जागी वादकाने आणि श्रोत्यांनी दाद देत ओरडायचं, त्याला 'छुइमसे' म्हणतात. आपल्या जलशाला किंवा वगाला बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. एके काळी अशा बारा कथा गायल्या जायच्या, आज पाच शिल्लक आहेत.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. हो, होती. जोसन राजवटीत (१३९२–१९१०) वर 'यांगबान' हे जमीनदार-अधिकारी, आणि सगळ्यांत खाली 'छनमिन', म्हणजे हलके लोक. छनमिनांत परंपरेने आठ प्रकार मोजतात: खाजगी गुलाम, खाटीककाम करणारे बेकजंग, अंगात येऊन विधी करणाऱ्या स्त्रिया, प्रेतं वाहणारे, कारागीर, सरकारी दरबारात नाचगाणं करणाऱ्या गिसेंग, खेळ-गाणं करणारे 'ग्वांगदे', आणि आठवे कोण? बौद्ध भिक्खू. होय. कन्फ्यूशियसवादी राजवटीने बुद्धाच्या भिक्खूला खाटीक आणि गवई यांच्या रांगेत बसवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भिक्खूंना राजधानीच्या वेशीच्या आत यायला बंदी होती, ती १८९५ मध्ये उठली. बुद्ध आणि हीन ठरवलेली माणसं एकाच वेशीबाहेर. हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले.

पान्सोरी गाणारे ते हे ग्वांगदे. दक्षिणेच्या जोल्ला प्रांतात अंगात येणाऱ्या स्त्रियांची वंशपरंपरागत घराणी होती. बायको विधी करायची, नवरा वाद्य वाजवायचा, आणि त्या पुरुषांतूनच गवई तयार झाले असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग गाणं रक्तात होतं का? नाही, ते कायद्यात होतं. दुसरं काही करायची मुभाच नव्हती. यांगबानाचा मुलगा राजदरबाराची परीक्षा पास झाला की मिरवणुकीसाठी आणि मेजवानीसाठी ग्वांगदे बोलावले जायचे. ज्या परीक्षेला बसायचा अधिकार त्यांच्या मुलाला नव्हता, तिच्या निकालाचा आनंद त्यांनी गाऊन साजरा करायचा. एमपीएससीच्या निकालाच्या दिवशी वस्तीतल्या बँडवाल्या पोराचा चेहरा पाहिलाय का कधी?

१८९४ च्या गाबो सुधारणांनी कागदावर हे दर्जे संपवले. हलक्या दर्जातून मोकळं करायच्या लोकांत खेळे-गवई आणि कातडं कमावणारे यांचा वेगळा उल्लेख होता. कागदावर संपलेली गोष्ट गावात संपायला किती वेळ लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बेकजंगांच्या मुलांना शाळेत घेईनात, म्हणून १९२३ मध्ये जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. नावातला 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी. खाटकाच्या हातातलं तेच साधन समतेची खूण झालं. पुढच्याच वर्षी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. दोन्हीकडच्या माणसांची एकमेकांशी गाठ पडली नव्हती, पण दोघांच्याही मागण्यांत शाळा होती.

अशा काळात, १९१७ मध्ये, जोल्लाच्या उत्तर भागातल्या गोछांग परगण्यात किम सो-ही जन्मल्या. त्यांचं मूळ नाव सुन-ओक. त्याच गोछांगमध्ये सत्तरेक वर्षं आधी जिन छे-सन नावाची मुलगी होऊन गेली होती. विधी करणाऱ्या आईच्या पोटची, हलक्या दर्जाची. पान्सोरी तोवर पुरुषांचीच होती. शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) या गावकारभाऱ्याच्या घराण्यातल्या श्रीमंत रसिकाने तिला तयार केलं आणि १८६० च्या दशकात राजवाड्याच्या पुनर्बांधणीच्या सोहळ्यात तिला गायला पाठवलं. इतिहासात नोंद असलेली ती पहिली पान्सोरी गायिका. राज्य चालवणाऱ्या राजपित्याला तिचं गाणं आवडलं आणि त्याने तिला राजवाड्यातच ठेवून घेतलं. याला मान म्हणायचं की कैद? तिला कुणी विचारल्याची नोंद नाही.

शिन जे-ह्यो यांच्याबद्दल दोन शब्द, कारण असे हितचिंतक आपल्याकडेही फिरत असतात. त्यांनी कथांच्या संहिता लिहून ठेवल्या, हे काम मोठंच. पण लिहिताना यांगबानांना रुचतील अशी चिनी वळणाची विद्वत्ता आत भरली, रांगडेपणा घासून काढला, ही टीका कोरियन अभ्यासकच करतात. एम. एन. श्रीनिवासांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटलं, त्याचा हा कोरियन नमुना.

सो-ही शाळकरी वयाच्या असताना त्यांनी ली ह्वा-जुंगसन या गायिकेचं गाणं ऐकलं आणि त्या त्याच वाटेला लागल्या. पहिले मोठे गुरू सोंग मान-गाप (१८६५–१९३९). आता 'रक्त'वाल्यांनी इथे कान द्यावा. सोंग हे पान्सोरीतलं सर्वांत बडं घराणं, पिढ्यान् पिढ्या नामवंत गवई. आणि मान-गाप यांनी काय केलं? घराण्याची गायकी बदलली. लोकांना काय भावतं ते बघून नवं घेतलं. घरच्यांनी त्यांना बाहेर काढलं म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की गवई हा कापडाच्या दुकानदारासारखा असतो, रेशीम मागणाऱ्याला रेशीम द्यावं, सुती मागणाऱ्याला सुती. रक्ताशी बेइमानी करूनच हा माणूस मोठा झाला.

दुसरे गुरू जंग जंग-रयोल यांचा आवाज निसर्गतःच बसका, जाड. वरच्या पट्टीत तो जाईना. पान्सोरीत अशा गळ्याला वाईटच मानतात. या माणसाने वर्षानुवर्षं घासून, रचना बदलून, गळ्याला जमेल तशी मांडणी करून आपली 'छुनह्यांग' कथा उभी केली, आणि आज गायल्या जाणाऱ्या छुनह्यांगवर तिचा फार मोठा ठसा आहे. तिसरे गुरू पाक दोंग-शिल. १९४५ ला जपानी सत्ता गेल्यावर त्यांनी स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांच्या कथा पान्सोरीत बांधल्या. १९५० च्या युद्धात ते उत्तरेकडे गेले, आणि दक्षिणेत त्यांचं नाव घेणं अनेक वर्षं गुन्ह्यासारखं झालं. त्यांच्या शिष्यांचे गळे राहिले, गुरूचं नाव गेलं. शाहिरांच्या बाबतीत हे कसं होतं ते आपण जाणतो.

या सगळ्यांकडून घेऊन, निवडून, जोडून सो-ही यांनी आपली छुनह्यांग बांधली. बांधली हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. गवंडी भिंत बांधतो तशी. १९३७ च्या सुमारास व्हिक्टर कंपनीने या कथेच्या तबकड्या काढल्या, त्यात जंग जंग-रयोल आणि ली ह्वा-जुंगसन यांच्यासोबत विशीतल्या सो-ही गायल्या. ज्यांना ऐकून वाट धरली त्यांच्याच शेजारी उभं राहून.

पण त्या काळात गाणाऱ्या बाईला समाजात जागा कुठली? जपानी सत्तेखाली गिसेंगांच्या नोंदणीच्या पेढ्या होत्या, त्यांना 'ग्वनबन' म्हणत. स्त्रियांना गाणं शिकायचं तर मुख्य दार तेच. म्हणजे गायिका म्हटलं की लोक गिसेंग समजणार, आणि गिसेंग म्हटलं की हात टाकायला मोकळे. १९४८ मध्ये स्त्री-कलावंतांनी पुरुषांच्या मक्तेदारीला कंटाळून स्वतःची वेगळी संघटना काढली, पाक नोक-जू तिच्या प्रमुख, सो-ही तिच्यात सामील. सगळ्या भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, बायकाच करणार असं संगीत नाटक त्यांनी उभं केलं. पहिली कथा घेतली छुनह्यांगची.

ही कथा आपण नीट वाचली पाहिजे. नामवनच्या एका गिसेंगची मुलगी छुनह्यांग. अधिकाऱ्याच्या मुलाशी तिचं गुपचूप लग्न होतं, तो राजधानीला निघून जातो. नवा अधिकारी येतो आणि हुकूम सोडतो की हिने माझ्या सेवेला यावं. का? आई गिसेंग, म्हणून मुलगीही सरकारी मालमत्ता. आईचा हलका दर्जा मुलाला, हा तिथला नियमच होता. ती नाही म्हणते. तिला फटके मारतात. पान्सोरीतला सर्वांत अंगावर येणारा भाग हाच: प्रत्येक फटक्याच्या आकड्यावर ती उत्तर देते. पहिल्या फटक्याला एकाच्या आकड्यावरून, दुसऱ्याला दोनाच्या, असं दहापर्यंत. मारणारा मोजतो, आणि ती त्याचेच आकडे हिसकावून त्याला सुनावते.

कोरियातल्या सनातन्यांनी या कथेला पातिव्रत्याची कथा करून टाकलं. पुढच्या संहितांमध्ये छुनह्यांगचा बाप मोठा अधिकारी असल्याचं घुसडलं, कारण नायिका अगदीच हलक्या रक्ताची कशी चालेल! मला त्या कथेत दुसरंच दिसतं. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर भाषण केलं आणि हे जिणं सोडा असं बजावलं. जन्मावरून बाईचं शरीर कुणाच्या तरी मालकीचं ठरवायचं, या एकाच गोष्टीला दोन्हीकडे नकार आहे. फरकही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. छुनह्यांगला शेवटी तिचा नवराच मोठा अधिकारी होऊन सोडवतो. दामोदर हॉलमधल्या बायांना सोडवायला कुणी राजदूत येणार नव्हता.

एक कथा मला बौद्ध म्हणून खटकते, तीही सांगते. 'शिमछंग'मध्ये आंधळा बाप दृष्टी येईल या आशेने विहाराला तीनशे पोती तांदूळ द्यायचं कबूल करून बसतो, आणि ते फेडण्यासाठी मुलगी स्वतःला खलाशांना विकते, समुद्राला बळी जाण्यासाठी. धम्माच्या नावावर गरिबाकडून तांदूळ काढणारा भिक्खू आणि बापासाठी मरणाऱ्या मुलीचा गौरव. कला म्हणून डोक्यावर घेताना हे प्रश्न विचारायचे नाहीत का? किम सो-ही यांनीही हे गायलं. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणून कथेला मी सूट देणार नाही.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर, युद्धाने सोल बेचिराख झालेलं असताना, त्यांनी लोककला शिकवणारी संस्था काढली. १९६२ मध्ये सांस्कृतिक वारशाचा कायदा आला आणि १९६४ मध्ये पान्सोरीला राष्ट्रीय अमूर्त वारसा क्रमांक ५ म्हणून मान्यता मिळाली. इथे एक बारकावा आहे, कार्यकर्त्यांनी तो लक्षात घ्यावा. मान्यता नुसती कलेला नव्हती, माणसांनाही होती. ज्यांच्या गळ्यात ती आहे अशा व्यक्तींना 'धारक' म्हणून जाहीर केलं गेलं, पहिल्या धारकांत किम सो-ही होत्या. धारकाला दरमहा मानधन, आणि त्या बदल्यात शिष्य तयार करण्याची जबाबदारी. लष्करी राजवटीला राष्ट्रवादासाठी हे सगळं हवं होतं, हे उघड आहे. त्यातून कला गोठते, ठरावीक साच्याचीच होते, ही टीकाही खरी. तरी पैसा गाणाऱ्याच्या हातात पडला.

आता आपल्याकडे बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, आणि अखेरची वर्षं हलाखीत, २००२ मध्ये निधन. आज तिच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. फडाच्या मागे बाळंत होऊन ती पुन्हा बोर्डावर नाचायला उभी राहिली हा प्रसंग वक्ते टाळ्या घेत सांगतात. टाळी कशाला? बाळंतिणीला नाचावं लागलं याला?

हीच टाळी कोरियातही आहे, तिला तिथे 'हान' असं नाव आहे. हान म्हणजे पिढ्यान् पिढ्या साचलेलं दुःख, आणि त्याशिवाय खरी पान्सोरी येत नाही अशी समजूत. १९९३ मध्ये इम क्वॉन-तेक यांचा 'सोप्यॉनजे' चित्रपट आला. एकट्या सोलमध्ये दहा लाखांवर प्रेक्षक, कोरियन चित्रपटाच्या इतिहासात पहिल्यांदा. त्यात पान्सोरी शिकवणारा बाप मुलीच्या आवाजात हान उतरावा म्हणून औषध देऊन तिला आंधळी करतो. चित्रपट देखणा आहे, मी दोनदा पाहिला. आणि दोन्ही वेळा मला राग आला. खालच्या माणसाला दुखवा म्हणजे तो छान गातो, हा विचार फक्त वर बसलेल्यालाच सुचू शकतो.

गंमत अशी की त्या मुलीचं काम करणारी ओ जुंग-हे ही किम सो-ही यांचीच शिष्या. तिचे डोळे शाबूत ठेवून गुरूने तिला गाणं शिकवलं होतं. आणि खुद्द सो-ही यांचा आवाज? धबधब्यासमोर ओरडून, घसा फोडून कमावलेल्या घोगऱ्या आवाजाच्या दंतकथा पान्सोरीत भरपूर. सो-ही ओळखल्या जातात त्या स्वच्छ, तलम, काबूत ठेवलेल्या आवाजासाठी. त्यांच्या जुन्या तबकड्या आज मोबाईलवर ऐकायला मिळतात. भाषेचं एक अक्षर कळत नाही, पण कुठे श्वास घ्यायचा, कुठे अक्षर लांबवायचं, कुठे एकदम बोलण्यावर यायचं, सगळं ठरवलेलं आहे हे ऐकू येतं. रडणारा माणूस असं ठरवत नाही. हे कामगाराचं काम आहे, कसबी कामगाराचं.

१९७२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या समारोपाला जगाने ज्या कोरियाला निरोप दिला त्याचा आवाज त्यांचा होता. शंभर वर्षांपूर्वी त्या देशात गाणारा माणूस छनमिन होता, हे त्या मैदानात कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तिथे कला राष्ट्राची झाली आणि ग्वांगदे हा शब्द पाठ्यपुस्तकात गेला. हे बरं झालं की वाईट, यावर आमच्या अभ्यासिकेत वाद अजून चालू आहे. एका मुलाचं म्हणणं, जात विसरली गेली तर उत्तमच, आपल्याला तरी दुसरं काय हवंय? मी म्हणते, दर्जा मोडणं वेगळं आणि कुणी सोसलं ते पुसणं वेगळं. पुसून टाकलं की राष्ट्राला पुरस्कार मिळतो आणि हिशोब कुणालाच द्यावा लागत नाही. तो म्हणतो, ताई, तुम्हाला हिशोबच हवेत. हो, हवेत!

तरी एक गोष्ट त्यालाही मान्य आहे. किम सो-ही १९९५ मध्ये गेल्या. त्यांच्या शिष्या शिन यंग-ही २०१३ मध्ये आणि आन सुक-सन २०२२ मध्ये छुनह्यांगच्या राष्ट्रीय धारक झाल्या. सो-ही यांनी बांधलेल्या छुनह्यांगला आज 'मानजंग धारा' म्हणतात. मानजंग हे काही कुळाचं नाव नव्हे, जातीचं नव्हे, गावाचंही नव्हे. ते किम सो-ही यांचं कलावंत म्हणून घेतलेलं टोपणनाव होतं.